मीराचा पाळणा

परळ, ९ फेब्रुवारी २०२५

चि. संघर्ष,
सप्रेम जयभीम.

आज मीराचं, तुझ्या मावशीचं, पुण्यानुमोदन झालं; ती गेल्यानंतरचा वंदनेचा विधी नीट पार पडला. पाहुणे चारला गेले.

निघताना तू म्हणालास, "काका, सहा वर्षांनी अल्बम करतोय. पाहुण्या गायिकांत मावशीपण हवी. फक्त हो म्हणा." मी "बघू" म्हणालो.

तू पाठवलेला तिचा भीमजयंतीचा पाळणा आता ऐकला. तुझ्या बीट्सवर आवाज स्वच्छ येतो. पण मूळ रेकॉर्डिंगमध्ये मधेच ती माझ्यावर ओरडली होती, "अहो, पंखा बंद करा, कितीदा सांगू!" ते तू काढलंस. बरोबरच आहे, गाण्यात असलं कोण ठेवतं?

मला मात्र तेवढंच ऐकायचं होतं. मग हो म्हणू की नको, कळत नाही. तुला वाईट वाटेल, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

सतरंजीचं दुसरं टोक ती धरायची; आता जमिनीवर पसरून एकटाच घडी घालतो.

तुझा,
दत्ताराम काका