कडी आतून लावलेली होती

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा कुलपे दुरुस्त करणे व किल्ल्या बनवणे, आमच्या चर्चच्या मंडळीने नेमलेल्या वडिलांपैकी, म्हणजे देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, माझ्या मिळकतीची व्यवस्था शुद्धीवर असताना या कागदावर लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गेल्या सोमवारी ज्यांनी मला पाहिले त्यांना त्या दाखल्याची शंका येईल, म्हणून आधीच सांगतो की त्या दिवशीही माझी बुद्धी शाबूत होती. फक्त धीर सुटला होता. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. बायकोचा दबाव आहे, पण तो हॉस्पिटलात जाण्यासाठी आहे, मृत्युपत्रासाठी नाही. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, कारण तो शब्द नुसता लिहायचा म्हटले तरी मी पेन खाली ठेवत असे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडचे दुकान आणि दुकानामागची सामानाची खोली, हे सर्व बायकोला मिळावे. ती असेपर्यंत कोणी वाटणीचा विषय काढू नये. घराच्या पुढच्या दाराचे कुलूप बरीच वर्षे बिघडलेले आहे. किल्ली घालून दार थोडे वर उचलावे, गुडघ्याने रेटावे, मग फिरवावे. गावभर लोकांची कुलपे नीट केली आणि बायकोला रोज गुडघा मारायला लावला, याची मला लाज वाटते. दुरुस्तीचा खर्च माझ्या शिलकीतून करावा.

कलम २. बँकेतली शिल्लक बायको आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. दुकान चालवायचे की भाड्याने द्यायचे हे मुलीने ठरवावे. मुली, तुला ग्राइंडरचा आवाज लहानपणापासून आवडत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा माझ्यासाठी म्हणून दुकान गळ्यात घेऊ नकोस.

कलम ३. माझी सगळी हत्यारे, म्हणजे किल्ली कापायचे मशीन, कानशी, मी स्वतः वाकवून घेतलेल्या तारा आणि जुन्या कुलपांच्या स्प्रिंगांचे दोन डबे, बाजारातल्या किल्लीवाल्याला द्यावीत.

हे वाचून शेजारचे शिंपीदादा खुर्चीवरून पडतील. त्या माणसाला मी आयुष्यभर चिमटा म्हटले. तो हडकुळा आहे म्हणून नव्हे, तर माझी गिऱ्हाइके चिमटीने उचलून नेतो म्हणून. 'त्याने बनवलेली किल्ली पावसाळा काढत नाही,' असे मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत असे. ते खोटे होते. त्याचे काम माझ्याइतकेच चांगले आहे, आणि तिजोरीच्या कामात तो माझ्या पुढेच आहे. हे मी लेखी देतो.

आता सोमवारचे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, छाती उघडून ती बदलायची, असे ठरले. बिघाड आणि दुरुस्ती मला समजते. पण डॉक्टर धीर देण्यासाठी म्हणाले, "भूल दिली की तुम्हाला काहीच कळणार नाही, काका." त्या वाक्याने माझी पाचावर धारण बसली. काहीच कळणार नाही म्हणजे मी असेन कुठे? आणि तिथून परत आलोच नाही, तर पुढे काय? सोमवारी सकाळी दाखल व्हायचे होते. पिशवी भरलेली, मुलगी रजा घेऊन आलेली, चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेसाठी येऊन बसलेले. मी "पाना राहिला" असे काहीतरी पुटपुटत सामानाच्या खोलीत गेलो आणि आतून कडी लावून घेतली. हॉस्पिटलात पाना कशाला, हे विचारायचेही कोणाला सुचले नाही.

बाहेरून हाका सुरू झाल्या तेव्हा मी सांगितले की कडी अडकली आहे. अडुसष्ट वर्षांचा कुलूपवाला, स्वतःच्या खोलीत, स्वतः बसवलेल्या कडीमागे!

शिंपीदादा बाहेर म्हणाले, "अहो वहिनी, किल्लीवाल्याला बोलवू का?"

बायको म्हणाली, "तोच तर आत आहे."

"मग दुसरा?"

दुसरा म्हणजे कोण, हे मला आत कळले आणि घाम फुटला. पण कडी काढायला हात उठेना. तासाभराने चिमटा आला. त्याने फटीतून पातळ पट्टी सरकवली आणि कडी अलगद मागे सरकली. अडकलेले काहीच नव्हते. कडीला तर मी आदल्याच आठवड्यात तेल दिलेले होते, आणि तेलाचा वास त्याला आला नसेल असे होणार नाही. दार बोटभर उघडले. त्या फटीतून त्याने मला पाहिले, मी त्याला पाहिले. मग तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "स्प्रिंग तुटलीय आतली. यांनाच काय, कोणालाच उघडता आलं नसतं हे."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतकी वर्षे मी त्याच्या कामाला नावे ठेवली आणि त्याने चार माणसांत माझी अब्रू झाकली. त्याने पैसेही घेतले नाहीत. म्हणून हत्यारे त्याला. त्याने ती नाकारल्यास त्याच्या दुकानाच्या पायरीवर ठेवून यावीत.

कलम ४. सामानाच्या खोलीची आतली कडी काढून टाकावी.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बंद घर उघडून दिले की कुलूपवाला बाजूला होतो. उंबरा तो आधी ओलांडत नाही, आधी घरमालक आत जातो. त्या दिवशी चिमटाही तसाच बाजूला झाला. बायको आत आली, तिने दार लोटून घेतले आणि अंधारात माझ्याशेजारी डब्यावर बसली. मला वाटले, आता माझी खरडपट्टी निघणार.

ती म्हणाली, "पाना सापडला का?"

मी रडलो. मला ते लिहायला लाज वाटते, पण रडलो. म्हटले, "मला जायचं नाही. तिथं काय आहे ते मला माहीत नाही."

"मला तरी कुठं माहीत आहे?"

"इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, भिऊ नका, प्रभू आहे. आणि स्वतःवर आलं तर हे असं."

ती म्हणाली, "अहो, प्रभूलासुद्धा क्रुसावर जायच्या आदल्या रात्री भीती वाटली होती की. घाम फुटला होता त्याला. टळत असेल तर टळू दे, असं बापाला म्हणालाच ना तो? फक्त त्यानं कडी लावून घेतली नाही."

मला हसू आले आणि त्याच वेळी कोणीतरी कान धरून उभे केल्यासारखे झाले. तो मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे मी दर रविवारी मोठ्या आवाजात म्हणतो. पुढच्या बाकावरून म्हणतो, सगळ्यांना ऐकू जाईल असे. आणि तरी मरण म्हणजे एक कुलूपबंद खोली आहे आणि मलाच तिच्यात पहिल्यांदा ढकलणार आहेत, असे मनात धरून बसलो होतो. त्या अंधारात मला पहिल्यांदा उमगले की जन्मभर पाळलेली धंद्याची रीत इथेही पाळली गेलेली आहे. घरमालक आधी आत जाऊन आला आहे. तोही घाबरतच गेला. मला त्याच्या मागून जायचे आहे.

भीती गेली असे मात्र कोणी समजू नये. त्या दिवशी मी बाहेर आलो तो खाली मान घालून, आणि हॉस्पिटलात गेलोच नाही. दाखल व्हायची वेळ टळून गेली होती. मुलीने फोन करून नवी तारीख घेतली. ती फोनवर म्हणाली, "बाबांना जरा बरं नव्हतं." तिलाही माझ्यापायी खोटे बोलावे लागले.

कलम ५. मंडळीच्या वडीलपदाचा मी राजीनामा देतो. वाचलो तरी तो कायम धरावा. या पदामुळे मी कित्येक आजारी माणसांच्या उशाशी बसलो आणि जणू पलीकडे जाऊन आल्यासारखा बोललो. आमचे म्हातारे टपालवाले शेवटच्या आजारात मला म्हणाले होते, "तुम्हाला खरंच भीती नाही वाटत हो?" मी म्हटले, "छे! अजिबात नाही." त्यांनी भिंतीकडे तोंड केले. 'वाटते हो, मलाही वाटते' असे मी म्हटले असते, तर त्या खोलीत ते एकटे उरले नसते. मी त्यांना देवाचे नाव घेऊन एकटे टाकले. त्यांची क्षमा मागायला आता तिकडेच जावे लागेल.

तेव्हा पाळकसाहेबांना विनंती की माझ्या प्रेतक्रियेच्या वेळी मला विश्वासाचा खांब वगैरे म्हणू नये. सामानाच्या खोलीची गोष्ट सांगावी. लोक हसले तर हसू द्यावे. पुढच्या बाकावर नाही तरी मागच्या बाकावर कोणीतरी आपली कडी लावून बसलेला असतो, त्याच्या ती उपयोगी पडेल. पेटी साधी असावी. पेटीला कुलूप लावणार का, असा विनोद शिंपीदादा करणारच, तो त्यांना एकदाच करू द्यावा.

कलम ६. बायकोला घर दिले, पण घर तिचेच होते. तिला द्यायला माझ्याकडे वेगळे काही नाही. अगं, त्या दिवशी तू मला बाहेर ओढले नाहीस, आत येऊन बसलीस. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलू शकणार नाही, म्हणून कायद्याच्या कागदात घातले आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पाळकसाहेबांनी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो खरा आहे. गाडी दारात आली आहे.

सही: (सोबत जोडलेल्या बँकेच्या नमुन्याशी जुळत नाही, खालील साक्ष पाहावी)

आम्ही साक्षीदार लिहून देतो की, ही सही त्यांनी आम्हा दोघांच्या समोर केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्या समोर. सही करताना त्यांचा हात फार कापत होता. पहिल्या अक्षरालाच पेन घसरले. आम्ही म्हटले, "थोडं थांबा, पाणी प्या, हात स्थिर झाला की करा." त्यावर ते म्हणाले, "तो व्हायची वाट बघत बसलो तर आजही जाणं व्हायचं नाही. कापऱ्या हाताचीच घ्या." सही त्यांचीच आहे.

साक्षीदार १: शेजारचे शिंपी
साक्षीदार २: पाळक

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: दाखल होण्याचा दिवस, सकाळी, उपाशीपोटी