फितूर मधमाश्या आणि माझा घेवडा

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन चार महिने झाले, माणसाने रेकॉर्ड ठेवलं पाहिजे. महापेच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केला, आता टेरेसवर करणार. आठ कुंड्यांत लाल फुलांचा विलायती घेवडा लावला. बी ऑनलाइन. पाकिटावरच्या फोटोत शेंगा वीतभर.

हेतू : जानेवारीतली गोटीरामशेठची पोपटी. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची भातशेती. दरवर्षी शेजारच्या गावात त्यांच्या अंगणात मडकं लागतं, शेंगा-अंडी-कोंबडी पाल्यात भाजतात, आम्हाला आग्रहाचं बोलावणं असतं. पण वीस वर्षं खांदेश्वरात राहून मी तिथे पावनाच. त्यांच्या घरचे सगळे काही ना काही आणतात, मी फक्त भूक नेतो. परवा गेटवर जाहीर करून टाकलं, यंदा मडक्यातल्या शेंगा माझ्या. पाच किलो. शेठ बरं बरं म्हणाले. शब्द दिला म्हणजे दिला.

२ नोव्हेंबर, रविवार
वेल कमरेपर्यंत. शेठ बघून गेले. म्हणाले, सायेब, ह्यो आपल्याकडचा नाय, ह्या गरमीत धरनार नाय. कागदाच्या पुडीत कडवे वाल दिले, हे लावा म्हणाले. जुन्या माणसांना नवीन व्हरायटी पचत नाही. पुडी बायकोला, अरुणाला दिली. तिने बिरडं केलं. चांगलं झालं होतं.

३ डिसेंबर, बुधवार. सकाळी ६.४५
फूल आलं! लालभडक. तीन ग्रुपवर फोटो टाकला. सईने अंगठा दाखवला. पोटची पोर, एक अंगठा!

१४ डिसेंबर, रविवार
फुलं : मोजता येत नाहीत. शेंगा : शून्य. नेटवर वाचलं, या फुलाला मधमाशी किंवा भुंगा लागतो. दोन तास खुर्ची टाकून बसलो. एक माशी आली, ती माझ्या चहावर. खालच्या झेंडूवर मात्र मधमाश्यांची जत्रा. सोसायटीचं पाणी, सोसायटीचं ऊन, आणि माझ्याकडे पाठ! फितूर जात.

१७ डिसेंबर, बुधवार
आयडिया माझीच. मोबाइलवर मधमाश्यांचा आवाज शोधला, स्पीकर कुंड्यांत ठेवला, फुल व्हॉल्यूम. जातवाले आवाज ऐकून येतीलच. लावून वाशीला चष्म्याच्या कामाला गेलो.
संध्याकाळी आलो तर टेरेस औषधाने दरवळतोय. खालच्या भाविकाबेननी कमिटीला कळवलं, वर केवढं तरी पोळं लागलंय. कमिटीने पेस्ट कंट्रोल बोलावलं, अरुणाने दार उघडून दिलं. वर त्या माणसाला चहा! स्पीकरचं मी कोणाला बोललो नाही. योग्य वेळी बोलेन.

२० डिसेंबर, शनिवार
आता कोणावर अवलंबून राहायचं नाही. सईचा शाळेतला चित्रकलेचा दोन नंबरचा ब्रश काढला. रोज सकाळी प्रत्येक फुलाला आतून दोनदा फिरवायचा. सई म्हणाली, बाबा, जरा वॉकला जात जा. ब्रश धुऊन वाळत ठेवला.

२३ डिसेंबर, मंगळवार
रिझल्ट! काल दुपारी ६४ फुलं, आज सकाळी ४३. नेटवर स्पष्ट लिहिलंय, फलधारणा झाली की फूल गळतं. अरुणाला समजावून सांगितलं, फुलं आता गळणारच, तो शुभशकुन आहे. ती बराच वेळ वेलाकडे बघत होती. पहिल्यांदाच इंटरेस्ट घेतला.

२८ डिसेंबर, रविवार
नवीन उमलतात, तरी रोज बरोबर एकवीस गळतात. ना वीस, ना बावीस. अठ्ठावीस वर्षांत अशी कन्सिस्टन्सी कुठल्या मशीनमध्ये पाहिली नाही. कुंडीत गळलेलं फूल एकही दिसत नाही, वारा नेत असावा. शेंगा आतून तयार होत असणार.

२ जानेवारी, शुक्रवार
शेठना मेसेज : पाच किलो नक्की. दोन टिक आल्या, निळ्या नाहीत. उत्तर नाही. कामात असतील.

६ जानेवारी, मंगळवार. रात्री १०.३०
विश्वासघात.
आज अंगारकी. आरतीला बोलावलं म्हणून देवघरात गेलो. एरवी ते अरुणाचं डिपार्टमेंट. गणपती गळ्यापर्यंत लाल. माझी फुलं! एकवीस!
विचारलं तर शांतपणे म्हणाली, तुमच्या शेंगांसाठीच. रोज एकवीस फुलं, एकवीस दिवस, पोपटीपर्यंत नेम धरलाय. जास्वंद मिळत नाही हल्ली, आणि मग तुम्हीच म्हणालात ना, गळणारीच आहेत. मातीत जाण्यापेक्षा देवाला.
अगं बाई, फुलालाच शेंग लागते! ओरडलो, अगदी खाली ऐकू जाईल असा. ती म्हणाली, मग आधी दोन आठवडे मी हात लावला नव्हता, तेव्हा का नाही लागली?
जेवलो नाही. मोदक फक्त चार.

७ जानेवारी, बुधवार
अबोला. तिने आज फूल तोडलं नाही. नेमाचे चार दिवस राहिलेत, ते मोडले असं सईला सांगताना ऐकलं. डोळे पुसत होती. मी पेपर वाचत होतो.

१० जानेवारी, शनिवार. सकाळी ९.३०
आज पोपटी. शेंगा : शून्य.
तीन कारणं कागदावर लिहून शेठना फोन लावला. एक, हवामान. दोन, पेस्ट कंट्रोल. तीन, घरातली माणसं. म्हटलं, शेठ, माफ करा, शेंगांचं काही जमलं नाही.
ते म्हणाले, कंच्या शेंगा, सायेब?
म्हटलं, मी देणार होतो त्या. पाच किलो.
मग म्हणाले, असं बोलला व्हता का तुमी? आमी तर कालच दोन गोनी आनून ठेवल्यान. तुमी नुसतं या.
तीन महिने. आठ कुंड्या. त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं. कागद फाडून टाकला.
टेरेसवर गेलो. फुलं मोजली. सव्वीस होती. सगळी तोडली, ताटलीत घालून अरुणासमोर ठेवली आणि म्हटलं, नेम पुरा कर. तिने कशासाठी म्हणून विचारलं. मी ताटलीतली पाच बाजूला काढली, एकवीस ठेवली.