डेलिया फेअरचं माहेरचं नाव

प्लेनो
१२ जानेवारी २०२५

चि. राधिका हिस, अनेक आशीर्वाद.

फोनवर मला आता 'हॅलो'च्या पुढचं काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तू युनिव्हर्सिटीत जुन्या हॉलिवूडवर शिकवतेस. त्या तुझ्या ज्ञानाची मला पहिल्यांदाच गरज पडली आहे, तेव्हा हसू नकोस.

खुब्याचं हाड मोडल्यापासून मी केअर होममध्ये आहे, कारण माझ्या परीक्षितच्या घरात जिनेच जिने. माझ्या खोलीतली दुसरी बाई म्हणजे डेलिया फेअर. हो, तुझ्या भिंतीवरच्या पोस्टरमधली. वय शहाण्णव. वर्षभर तिने मला पत्ते पिसायला शिकवलं आणि मी तिला मराठी शिव्या. आता तिची आठवण पार गेली आहे. डेलिया म्हटलं तरी वळून बघत नाही आणि तोंडात घास घेत नाही. डॉक्टर म्हणतात, तिला आता त्रास देऊ नका. मीही आयुष्यभर डॉक्टरकी केली, याचा अर्थ मला कळतो. पण ती गेली तर इथे मी बोलायचं कोणाशी? मला फार भीती वाटते गं.

एक सुचलं आहे. लग्नात तुझ्या काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनेत्रा' लिहिलं आणि माहेरची द्वारका तिथेच संपली. तरी आजही कोणी द्वारका म्हणून हाक मारली तर मी गाढ झोपेतून उठेन. डेलियाचं नावही स्टुडिओने बदललेलंच असणार. तिचं माहेरचं नाव शोधून दे. उशीर करू नकोस.

तुझी,
मावशी

ॲन आर्बर
१७ जानेवारी

ती. स्व. मावशीस, सा. न. वि. वि.

डेलिया फेअर माझ्या मावशीकडून मराठी शिव्या शिकते, हे डिपार्टमेंटमध्ये कोणाला सांगितलं तर माझी नोकरी जाईल.

तिचं मूळ नाव ॲग्नेस. पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगाराची मुलगी. सतराव्या वर्षी बसने लॉस एंजेलिसला गेली ती पुन्हा घरी फिरकली नाही. आधी नायिकेची मैत्रीण झाली, मग नायकाला फसवणारी बाई. एकदा नवऱ्याला विष घालणाऱ्या बायकोचं काम तिने असं केलं, की तिला कॉफी आणून द्यायला वेटर घाबरायचे. तिशी उलटली आणि स्टुडिओने तिला सोडून दिलं. पुढे टीव्हीवर कोणाची तरी आई, मग आजी, आणि शेवटी डॅलसमध्ये अत्तराच्या काउंटरवर नोकरी.

तिच्यापायी तू उपाशी राहू नकोस. तिच्यावर माया कर, पण थोडी माझ्यासाठी शिल्लक ठेव.

तुझी,
राधिका

प्लेनो
२३ जानेवारी

चि. राधिका हिस, आशीर्वाद.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तुझं पत्र वाचून आनंदाच्या भरात मी ते नाव आधी सगळ्या नर्सेसना सांगून बसले. मग मऊ भाताची वाटी घेऊन तिच्या कानाशी लाडाने ॲग्नेस म्हटलं. तिने डोळे उघडले. मला इतका आनंद झाला, की मी पुन्हा मोठ्याने म्हटलं. तशी ती भिंतीकडे सरकली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मी लहान मुलांची डॉक्टर होते, राधिका. घरी मार खाल्लेली मुलं अशीच डोकं झाकतात.

आता सगळ्या जणी प्रेमाने तिला त्याच नावाने हाक मारतात. दारावर तसं कार्डही लावलं आहे. मी नको म्हणते, त्या हसून मान हलवतात, आणि ड्यूटी बदलली की दुसरी येऊन पुन्हा तेच. माझ्या हातचं पाणीसुद्धा ती घेत नाही. काही तरी कर. माझं डोकं चालत नाही.

मावशी

ॲन आर्बर
२८ जानेवारी

ती. स्व. मावशीस, सा. न. वि. वि.

अर्धवट माहिती मी दिली, दोष माझा. तिचं नाव स्टुडिओने बदललं नव्हतं, ते तिने स्वतः बसमध्ये ठरवलं होतं. स्टुडिओ वेगळं नाव देत होता, तिने ते घेतलं नाही, म्हणून तिला कित्येक महिने काम दिलं नाही. मी वर्गात याला हट्ट म्हणत आले. ती कशापासून पळाली, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

सेटवर 'मिस डेलिया फेअर' असं पूर्ण नावाने बोलावल्याशिवाय ती खोलीबाहेर येत नसे. तसं बोलावून बघ. मी तिकीट काढते आहे. रागावू नकोस ना माझ्यावर.

राधिका

प्लेनो
९ फेब्रुवारी

चि. राधिका हिस, अनेक आशीर्वाद.

तिकीट कॅन्सल कर. डेलिया गेली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दारावरचं कार्ड फाडलं आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. मग वॉकर धरून दारात उभी राहिले आणि सेटवरच्या माणसासारखी ओरडले, की मिस डेलिया फेअर, सगळे तुमच्यासाठी थांबले आहेत. तिने हनुवटी वर केली आणि केस सारखे केले. म्हणाली, की उशीर झाला असेल तर माफ करा. माझ्या हातून दोन चमचे भात खाल्ला. मला वाटलं, जिंकले. आणखी भरवायला गेले तर तिने ओठ मिटून घेतले, ते मिटलेच. शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. मी फार रडले.

ओहायोहून तिचा भाचा आला. कबरीच्या दगडावर खरं नाव घालायचं, ॲग्नेस, असं त्याने ठरवलं होतं. नर्सेसनीही माना डोलावल्या. मी त्याला म्हटलं, "ते तिला दिलेलं नाव होतं. डेलिया हे तिने घेतलेलं नाव." शेवटी तो डेलिया फेअर घालायला तयार झाला.

परीक्षित शेजारीच उभा होता. आई परक्या बाईसाठी एवढी का भांडते, हे त्याला कळेना. माझ्या वेळी तो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सुनेत्रा गेली असं लिहील. त्याचा दोष नाही. त्याला दुसरं नाव ठाऊकच नाही. मी कधी सांगितलं नाही आणि त्याने कधी विचारलं नाही.

तुझ्या आईनंतर ते नाव माहीत असलेली तू एकटीच उरशील. जीव लावतेस तसाच लावत राहा, आणि त्या दिवशी निदान तू तरी म्हण, की द्वारका गेली.

मावशी