नणदेच्या घरचं माहेर

अब्बासिया, कुवेत
२६ डिसेंबर १९९७

ति. सौ. नर्मदाताईस, धाकट्या जयरामचा शि. सा. न. वि. वि.

आज सुट्टी. मिरकाबला लक्ष्मीकांत डॉक्टरांकडे कपाटाचं दार बसवायला गेलो होतो. त्यांच्या बायकोने, प्रभावहिनींनी, नाताळची म्हणून एक छोटी फ्रेंच फिल्म लावली होती, मलाही बसवून घेतलं. येशूच्या जन्माची गोष्ट, पण आजच्या काळातली, आणि सगळी गंमत! नवरा माझ्यासारखाच सुतार. दिवस भरलेल्या बायकोला खटारा गाडीत घालून परगावी नेतो. एक हॉटेलवाला कागद मागतो, दुसरा जागा नाही म्हणतो, तिसरा पोट बघूनच दार लावतो. शेवटी गॅरेजात, टायरांच्या मधोमध बाळंतपण! मग तीन बडी माणसं नकाशावरून भांडत येतात आणि बाळाला अत्तर देतात. हसून हसून पोट दुखलं.

मी वहिनींना म्हटलं, हा सुतार ठार वेडा. पहिलटकरीण ना, मग माहेरी का नाही धाडली? सगळे आणखीच हसले.

आपल्या समिधाला आठवा सरत आला. बायको माझी, पण पत्रात ‘सगळं ठीक’ याच्यापुढे जात नाही. तिला भावाने नेलं ना, तेवढं कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा जयराम

साखरपा
८ जानेवारी १९९८

चि. जयराम यास अनेक आशीर्वाद.

तुझी फिल्म वाचून मला मेलीला हसू नाही आलं, राग आला. कुठलं माहेर रे? तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ दिवाळीनंतर घराला कुलूप घालून सुरतेला गेला. आणि आपल्या आईचं एकच पालुपद, पहिलं बाळंतपण सासरी करायची रीत नाही. म्हणून समिधा पोट सांभाळत तीन दारं फिरली. मामाकडे लग्न. मावशीकडे जागा नाही. चुलत्याने ओटीवरच चहा पाजून वाटेला लावलं. तुला कळवायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातली होती. मोडली.

काल जाऊन तिला घेऊन आले. आई म्हणाली, नणदेचं घर म्हणजे काय माहेर? म्हटलं, आजपासून आहे. आमच्या पिठाच्या गिरणीमागची धान्याची खोली सारवून ठेवली आहे. ठकूबाई सुईण शेजारीच आहे.

रागाने लिहिलं तरी जीव तुझ्यातच आहे.
ताई

शुवैख
१९ जानेवारी १९९८

ति. ताईस, शि. सा. न.

पत्र वर्कशॉपात उभ्या उभ्याच वाचलं. लाज वाटली. झहूर फोरमनकडे रजा मागितली. माणूस भला, पण करार एप्रिलला संपतो, तोवर सुटका नाही म्हणाला.

त्या सुताराला मी वेडा म्हटलं. तो निदान तिच्याबरोबर तरी होता गो.

तिला सांभाळ. मी आणखी काय लिहू?
जयराम

साखरपा
६ फेब्रुवारी १९९८

चि. जयराम यास आशीर्वाद.

मुलगी झाली! मंगळवारी सकाळी. दोघी सुखरूप. कळा सुरू झाल्या तशी ह्यांनी गिरणी बंद केली, पण दळणाचे डबे घेऊन आलेली माणसं काही हलेनात. सगळ्यांत आधी बाळ बघितलं ते त्यांनीच. आज आई आली, तोंड फुगवून, पण डिंकाचे लाडू घेऊन. नात मांडीवर घेतल्यावर रीतभात सगळी विसरली.

पाळणा माहेरून द्यायचा, म्हणून हे बाजारात निघाले होते. समिधाने अडवलं. बाप सुतार असताना विकतचा कशाला, म्हणाली. तोवर पोर गिरणीतल्या सुपात झोपेल म्हणे.

तेव्हा एप्रिलला नक्की ये. उशीर केलास तर पाय सुपाबाहेर येतील.

वाट बघणारी,
ताई