कणकेवरची बोटं

बाई, तुम्ही हसाल, पण तुमच्याकडे जर्मन शिकलेली मी टोकियोत पीठ मळते. ओजिमातल्या आमच्या घराजवळच्या बेकरीत, सकाळचा पार्टटाइम. नवरा म्हणतो, तुझ्या बाईंनी कपाळाला हात लावला असता. त्याला काय माहीत! पुण्यात तुमच्या ओट्याशी उभं राहूनच तर शिकले मी. तुमचे हात परातीत, माझं पुस्तक डब्यांना टेकवलेलं. एकदा ‘लाइप’ शब्द आला, म्हणजे अख्खा पाव, आणि तुमची गाडी सुटली. इंग्रजी-जर्मनच्या खापरपणजीच्या घरातला शब्द. इंग्रजीत त्याचा लोफ झाला, रशियनांकडे जाऊन ख्लेब, फिनलंडमध्ये लेइपा. त्याच शब्दातून पाव राखणारा तो लॉर्ड आणि पाव मळणारी ती लेडी. “कळलं का गं? उगाच मळायला नाक मुरडू नकोस!” म्हणत परात माझ्याकडे सरकवलीत. मी मळून छान गुळगुळीत गोळा केला, तर केवढ्यांदा ओरडलात! “अगं, बोटं उठव त्यावर. असा गोळा पिंडाचा असतो, मेलेल्यांचा.”

ती सवय हाताला अशी चिकटली की परवा बेकरीत फुगायला ठेवलेल्या सगळ्या गोळ्यांवर मी बोटं उठवून मोकळी झाले. मालकीणबाई ट्रेकडे बघतात, माझ्याकडे बघतात. आता नोकरी गेली असं वाटून मी मोडक्या जपानीत सांगून टाकलं, गुळगुळीत गोळा आमच्यात फक्त मृतांना देतात. त्यांनी एका गोळ्यावरची बोटांची खूण चाचपली. मग म्हणाल्या, “आमच्यात भातात चॉपस्टिक उभ्या खोचत नाहीत. तसा भात मृतांपुढे ठेवतात. तुम्ही कोणासाठी ठेवता?” मला एकदम तुम्ही आठवलात.

तुम्ही लग्न केलं नाहीत, भाऊ आधीच गेलेले. तुमचा पिंड कोणी दिला की नाही, मला माहीतही नाही. त्या एका शब्दाची लेकरंबाळं निम्म्या युरोपात नांदतायत आणि तुमच्यामागे कोणी नाही, याचा मला रागच येतो, बाई. आज घरी कणीक मळली. मुलगी सवयीने बोटं उठवायला आली, तिचा हात धरला. तिला लेडीची गोष्ट सांगितली, तर म्हणते, “उसो!” म्हणजे काहीतरीच! एक गोळा तसाच गुळगुळीत बाल्कनीत ठेवला. इथे कावळ्यांना घातलेलं शेजाऱ्यांना चालत नाही, तरी ठेवला. धिप्पाड कावळा आला, कठड्यावर बसून राहिला, शिवेना. शेवटी मी मोठ्याने म्हटलं, “बाई, पोरीला मी जर्मन शिकवीन.” तेव्हा कुठे त्याने चोच घातली.

हे पत्र कुठे टाकणार, राहील इथेच. पण जर्मन मी निम्मं विसरलेय, हे मात्र कावळ्याला सांगितलं नाही.