पाच बोटांचा ठसा

६ जुलै, रवि.
वाडीवर आलो. आईनं स्वतः फोन करून बोलावलं, म्हणजे नवलच. एरवी मी केला तरी दोन मिनिटांत ठेवून देते.
परसात, भाताच्या रोपाशेजारी चिखलात पायाचा ठसा. एकच. बाकीचे असतील तर पावसानं नेले. चार बोटं, खाली गादी. रुंदी अंदाजे ७ सेंमी. एका बोटापुढे बारीक टोक आहे. नख, नाहीतर काटकी. कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्याची उमटत नाहीत, एवढं मलाही माहीत आहे. पण टोक एकाच बोटाला. मग काय, पाऊण बिबट्या आणि पाव कुत्रा?
आईला म्हटलं, बिबट्या निघाला तर गाशा गुंडाळायचा आणि महाडला आमच्याकडं यायचं. आता ऐकणार नाही. एकटी राहते, गुडघे गेलेत, मागं डोंगर आ वासून. ती म्हणाली, "बिबट्या असंल तर येते. नसंल तर पुन्ना इषय काढायचा नाय." ठरलं.

८ जुलै, मंगळ.
फर्स्ट शिफ्ट. वीस वर्षं कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासतोय. पास की रिजेक्ट, दहा मिनिटांत सांगतो. हा एक चिखलाचा नमुना दोन दिवस मोबाईलवर बघतोय, काही सांगता येत नाही. सुनंदा म्हणाली, "जेवताना तरी तो पाय बाजूला ठेवा."
फॉरेस्टच्या गार्डला फोटो पाठवला. उत्तर : "सर शेजारी पट्टी ठेवून काढा." हे मला सुचू नये? मला?

१३ जुलै, रवि.
वाडी. ठसे तीन. पट्टी ठेवून मोजले : ७, साडेसात, ६. पाऊस लागू नये म्हणून आईनं त्यांच्यावर टोप पालथे घालून ठेवले होते. हुशार बाई.
गार्डचा फोन : "तरसाचा पुढचा पाय मोठा, मागचा लहान असतो. तरस असू शकतं. कुत्रंपण असू शकतं."
नक्की काय?
"नक्की कसं सांगणार सर."
आई कान देऊन ऐकत होती. "तरस म्हंजे बिबट्या नाय ना?" नाही. "मग जेव आता." टाकळ्याची भाजी, नाचणीची भाकरी. तिसरी भाकरी नको म्हटलं तरी वाढली.

२० जुलै, रवि.
धो धो. आंबेनळीच्या रस्त्यावर माती आलीय म्हणे. गेलो नाही. शेजारच्या पार्वतीकाकूला फोन केला. म्हणाली, "आठ दिस कायबी नाय दिसला. तुजी आय मातर दुपारधरनं रस्त्याला डोळं लावून बसलीय, तिला सांग येत नाय म्हणून." सांगितलं.

२७ जुलै, रवि.
गेलो. ठसे हजर. मधल्या दिवसांत नाही, बरोबर रविवारी सकाळी. जनावराला साप्ताहिक सुट्टी आहे की काय! घरी येऊन सु.ला हे सांगितलं तर हसली. का हसलीस? "काही नाही." बायका काही नाही म्हणतात तेव्हा

(शिफ्टचा फोन आला, राहिलं.)

३ ऑगस्ट, रवि.
आज पाच बोटं.
चार वेळा मोजली. पाच. आईला दाखवली. तिनं चष्मा लावला, वाकली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "असंल एखाद्याला जास्तीचं." आणि लगबगीनं चहा टाकायला आत गेली.
गार्ड : "पाच बोटं अस्वलाला असतात सर. पण आपल्याकडं अस्वल नाही." मग? "मग मी तरी काय सांगू."
बिबट्या, कुत्रा, तरस, आता अस्वल. डोकं आऊट झालंय.

१० ऑगस्ट, रवि.
जाताना पोलादपूरला गणपतीच्या कारखान्यातून डबाभर प्लास्टर घेतलं. मूर्तीवाला म्हणाला, "यंदा घरीच करताय काय मूर्ती?" म्हटलं, नाही, बिबट्या करतोय.
ठशात प्लास्टर ओतलं. वाळायच्या आत सर आली, दोन वाया गेले, तिसरा निघाला. येताना मूर्तीवाल्याला दाखवला. उलटसुलट करून म्हणाला, "कडा लय साफ आल्यात. चालत्या जनावराचा पाय चिखलात असा येत नाय साहेब, थोडा तरी घसरतो." मग हे जनावर चालत नाही? उभ्या उभ्या येतं?

१७ ऑगस्ट, रवि.
पार्वतीकाकूची कोंबडी गेली. मुंगूसही नेतं. बिबट्याही नेतो.
खरं लिहितो. मला तो बिबट्याच हवाय. म्हणजे आई खाली येईल आणि मी सुटेन. आणि बिबट्याच असला तर सोमवार ते शनिवार ती तिथं एकटी, हे मनात आलं की फोन लावायला घेतो. मग वाटतं कुत्राच असू दे. मग वाटतं, कुत्रा निघाला तर ती कधीच यायची नाही. असला मुलगा मी. आईच्या परसात बिबट्या यावा म्हणून देवाला हात जोडतोय.

३१ ऑगस्ट, रवि.
गणपतीला सगळे वाडीवर. आज गौर आली. सु.नं तेरड्याची गौर सुपात घेतली. आई पुढं, उंबऱ्यापासून देवापर्यंत गौरीची पावलं काढत. गुडघे दुखतात तरी बसून बसून सरकत होती, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मूठ वळायची, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवायची, करंगळीची कड जमिनीला टेकवायची. वर बोटाच्या टोकानं टिपके. एक, दोन, तीन, चार, पाच. बघायचं कामच नाही, हात आपोआप चालतो. साठ वर्षांची सवय.
मी घंटी वाजवत होतो. थांबलो. सु. म्हणाली, "वाजवा."
चिखलात चारच काढायची हे ती त्या एका रविवारी विसरली.

१ सप्टेंबर, सोम.
आईला काही बोललो नाही. सकाळपासून राग येतोय. वीस वर्षं नमुने तपासणाऱ्याला आईनं मुठीनं बनवलं! आणि मग राग कुठं जातो कळत नाही, नुसतं रडू येतं.
सु.ला परसात नेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला कधीच कळलं होतं."
मग बोलली का नाहीस?
"तुम्ही दर रविवारी यायला लागला होतात ना. आधी फक्त गणपती आणि शिमगा."
पण मग पहिला ठसा? तो पण तिचाच? बिबट्या असेल तर येते असं म्हणाली, ते का म्हणाली? म्हणूनच कधी हे, कधी ते काढत होती, माझा निकाल लागू नये म्हणून? की मीच आता सगळ्यात तिचा हात बघतोय? कोंबडीचं काय मग?

२ सप्टेंबर, मंगळ.
विसर्जन. ओढ्यावर गेलो. आरती झाल्यावर हात धुवायला मी थोडा वर, पलीकडच्या काठाला गेलो. तिथं चिखलात ठसे. एक नाही, सहा. तिरके, वर जंगलाकडं जाणारे. रुंदी माझ्या चार बोटांहून जास्त, कडा ओढलेल्या, घसरलेल्या. दोन पावलांत दीड हात अंतर. तिथली चढण मलाच धरधरून चढावी लागली. आई दोन वर्षांत ओढ्याच्या पलीकडं गेलेली नाही.
खालून ओरडली, "काय रे, काय बघतोस?"
म्हटलं, आई, इकडं तू आली होतीस काय?
आधी हसली. लाजल्यासारखी, चोरी पकडल्यासारखी. मग माझं तोंड बघून हसू गेलं. "मी नाय रे बाबा. मी कशी येईन तितं? काय हाय?"
नखं आहेत की नाहीत, बघितलं. पानं पडली होती, पाणी साचलं होतं. नाही सांगता येत. खरंच नाही.
खाली आलो. आईनं माझं मनगट धरलं. इतक्या रविवारांत एकदाही घाबरली नव्हती. घरापर्यंत सोडलं नाही. दारात म्हणाली, "आज ऱ्हा. उद्या जा."
उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. इन्चार्जला फोन लावला. कारण विचारलं. आई शेजारीच उभी होती, मनगट तसंच धरून. आईला बरं नाही म्हटलं. किती दिवस, त्यानं विचारलं. म्हटलं, माहीत नाही.