सगळे डोळे मिटून ऐकतात

१ डिसेंबर
ही डायरी कापडाच्या दुकानातनं फुकट मिळाली. मागच्या सालाची हाय, पन तारखा त्याच असतात की. वार तेवढा चुकतो. आजपासनं रोज लिहायचं ठरवलंय. माझी शाळा चौथीपत्तूर. जोडाक्षर आलं की हात अडतो, पन वाचनार कोन हाय, मीच.
लिहायला कारन झालं. पुन्यास्नं माझ्या महेश्वरचा फोन आला. काव्याच्या शाळेतल्या मॅडमनी सांगितलंय, रोज संध्याकाळी सगळ्या फॅमिलीनं दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आन आपला श्वास बघायचा. त्याला माइंडफुलनेस म्हनतात. सून म्हनली, चौघं बसू. तर काव्या म्हनली, आजी फॅमिलीत नाही का? दुसरीतली पोर! मी पदर डोळ्याला लावला.
तर रोज सातला व्हिडिओ. तिकडं त्यांचा टॅब टीपॉयवर, हिकडं माझा मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून. चार डोकी तिकडं, एक हितं. झाली फॅमिली.
नियम एकच, बोलायचं न्हाय. त्यात काय! आमी लिंगायत, जन्मापासनं सकाळी पूजेला तळहातावर लिंग घेऊन बसतो. मॅडमना आता कळलं. आन हे गेल्यापासनं ह्या घरात बोलतंय कोन? गप बसन्यात माझा हात कुनी धरनार न्हाय.

२ डिसेंबर
बोलले. पन कारन होतं. काव्याचा धाकटा भाऊ अद्वैत उघड्या अंगानं बसला होता. चार वर्षाचं लेकरू, थंडीचे दिवस. मी एवढंच म्हनलं, त्याला बंडी घाला. अद्वैत खुदकन हसला, काव्या हसली, मोडलं ध्यान. सून म्हनली, आई, फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचं. म्हनलं, श्वास काय कुटं पळून चाललाय व्हय?
उद्यापासनं एक शब्द न्हाय.

४ डिसेंबर
काल त्यांच्या कुकरच्या शिट्ट्यावर शिट्ट्या, आन सगळी आपली डोळे मिटून. डाळीचा लगदा झाला असता. मी ओरडले म्हनून वाचली. आज दारावरची बेल बी मीच सांगितली. सोलापुरात बसून पुन्याचं घर कोन सांभाळतं एवढं! सुनेचं तोंड मात्र उतरलेलं. ऑफिसचा तरास असंल.

५ डिसेंबर
महेश्वरनं युक्ती काढली. म्हनला, आई, तुझ्या फोनवर खाली माईकचं लाल चित्र येईल, त्यावर तिरकी रेघ. त्याला हात लावू नकोस. त्यानं ध्यान शांत होतं.
आलं की लगेच. कपाळावर कुंकू लावल्यागत शोभून दिसतं. पोराचं डोकं पयल्यापासनं चालतं. बारीक असताना आमचा रेडिओ खोलला होता. परत लावता आला न्हाय ती गोष्ट येगळी.

८ डिसेंबर
लाल आल्यापासनं लई फरक. परवा चुकून बोलले, माळशिरसच्या बहिनीची म्हैस व्याली ते. कुनी हसलं न्हाय, रागावलं न्हाय, डोळे उघडले न्हायत. काल मुद्दाम बोलले. तरी न्हाय. म्हंजे माझ्यापुरता नियम सैल केलाय. तोंडानं कबूल करनार न्हायत, शेवटी पुन्याची मानसं. फोन लागला की लाल येतं. मग मी बोलते, ते ऐकतात. टॅबमधली घंटा वाजली की 'बाय आजी', आन बंद. भांडन न्हाय, तंटा न्हाय.

११ डिसेंबर
सून माझं आख्खं ऐकते! लग्न झाल्यापासनं तिनं माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं न्हाय. हो आई, कळलं आई. आज तिला हे गेले त्या दिवसाचं सांगितलं, दवाखान्यात चहा कुनी आनला तितपासनं. हूं का चूं न्हाय. इतकी रंगली की मान खाली गेली आन तोंड उघडं राहिलं.
शेजारच्या बसव्वाला सांगितलं. ती कडक भाकऱ्या करून दुकानाला देते, तसंच कडक बोलते. म्हनली, शिवक्का, झोपली असंल ती. जळते, दुसरं काय. तिची सून तिला जेवायला हाक मारते तेवढीच.

१४ डिसेंबर
रविवार. महेश्वरचा फोन आला न्हाय. दर रविवारी सकाळी करायचा. भाजी काय केलीस, गुडघा काय म्हनतो, असं. मी अंघोळ लवकर उरकून बसले होते. दुपारी मेसेज आला, आई, आता रोज भेटतोच ना आपण.
खरंच की. रविवार आठवड्यातनं एकदा, ध्यान रोज. फायद्यात मीच. आपनहून फोन करून कामाच्या मानसाला तरास द्यायचा न्हाय. जे काय सांगायचं ते ध्यानातच सांगायचं. असं ठरवलं.

१७ डिसेंबर
आज पक्कं ठरवलेलं, त्यांच्यासारखं खरं खरं गप बसायचं. डोळे मिटले. श्वास आत गेला, बाहेर आला. मग घर इतकं गप झालं की फ्रिज घुरघुरला तर कुनीतरी खाकरल्यागत वाटलं. डोळे उघडून बघितलं. फ्रिजच.
मग बोलले. बाकीच्यांच्या घरात आवाज असतो, त्यांना गप बसायला क्लास लागतो. मला उलटा लागंल.

२० डिसेंबर
महत्त्वाचं काम केलं. सिद्धेश्वराच्या जत्रंचं आवतन दिलं. अद्वैतनं अजून मिरवनुकीतला उंच नंदीध्वज डोळ्यानं बघितलेला न्हाय. सोलापूरचं पोर आन गड्ड्याची जत्रा म्हाईत न्हाय, लोक हसतील. दोन वर्षं काय ना काय आडवं येतंय, कधी सर्दी, कधी सुनेची मीटिंग. यंदा आधीच सांगितलं, बारा तारखेला या, किंक्रांत करून जावा. येताय न्हवं?
कुनी न्हाय म्हनलं न्हाय. काव्यानं तर नाक खाजवलं आन गालात हसली. ठरलं.

२६ डिसेंबर
मिरवनुकीत सगळे पांढरी बाराबंदी घालतात, तशी अद्वैतला शिवायला टाकायची. माप कुटनं आनायचं? ध्यानात म्हनलं, बाळा, हात वर कर बघू. केले की त्यानं! दोन्ही हात वर, मोठी जांभई बी दिली. मी पडद्यावर बोटानं माप घेतलं. शिंपी म्हनला, आजी, ह्या मापानं बाहुलीची शिवू का? मग अंदाजानं वाढवून सांगितलं. आजीचा अंदाज चुकतो व्हय?

३ जानेवारी
गाद्या उन्हात घातल्या. शेंगाची चटनी उखळात कुटली, खांदा उचलंना. काव्यासाठी कमी तिखटाची येगळी. उद्यापासनं कायबी जड करायचं न्हाय, असं मागच्या गुरवारी पन ठरवलेलं.
बसव्वाला भाकऱ्या सांगितल्या. म्हनली, येतो म्हनलेत का? म्हनलं, न्हाय म्हनले न्हायत. तर म्हनते, दगडाला इचार की शिवक्का, तो बी न्हाय म्हनत न्हाय.
तिच्याशी बोलनं बंद. संध्याकाळी तिनं आमटी पाठवली. आमटीशी माझं भांडन न्हाय.

१२ जानेवारी
आज येनार. दुपारपासनं दारात खुर्ची टाकून. प्रत्येक रिक्षा आपलीच वाटते. भात तीनदा गरम केला, आता त्याची पेज झाली.
सातला मोबाईल वाजला, ध्यानाचा. बघते तर पुन्याचाच हॉल, तोच टीपॉय, चौघं मांडी घालून. म्हनलं, अजून निघाला न्हाय व्हय? डोळे मिटलेलेच. जरा मोठ्यानं म्हनलं. मग महेश्वर म्हनून अशी ओरडले की बसव्वा हातातलं पीठ तसंच घेऊन पळत आली. पुन्यात पापनी हलली न्हाय.
मग डोक्यात उजेड पडला. सरप्राईज! तोंडावर काय दाखवायचं न्हाय आन सकाळी दारात उभं. काव्याचीच आयडिया असनार.

१३ जानेवारी, भोगी
सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडल्या. मी घरीच. ते आले आन कुलूप बघून माघारी गेले तर? टीव्हीवर बघितलं सगळं.
बाराबंदी तक्क्याला घालून बघितली. बरोबर बसली.
सातला मोबाईल वाजला, उचलला न्हाय. रुसले. वाजून वाजून थांबला. मग साधा फोन आला. महेश्वर, घाबरा झालेला. आई, बरी आहेस ना? काव्या रडतेय, टॅबवर आजीची खिडकी काळी म्हणून. म्हनलं, कधीपासनं आवतन देतेय, चटनी कुटली, बाराबंदी शिवली, काल घसा फुटंस्तवर ओरडले. सगळं सगळं बोलले. मग पोरगं हळूच म्हनलं, आई, ध्यानात तुझा आवाज बंद असतो. मीच बंद करतो. ते लाल म्हणजे तेच.
म्हनलं, मला ठाऊक होतं की. मी काय अडानी हाय व्हय? जबड्याला व्यायाम म्हनून बोलत होते.
म्हनला, सॉरी आई. म्हनलं, जेवून घ्या.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळी लिंग तळहातावर घेतलं. नेहमीगत गुडघ्याचं सांगायला लागले आन मदीच थांबले. हा बी इतकी वर्षं डोळे मिटून ऐकतोय. म्हनलं, देवा, तुझ्याकडं बी लाल हाय का काय? पूजा गपचीप आटपली.
संध्याकाळी महेश्वर म्हनला, आज लाल नाही आई. तू बोल, आम्ही ऐकतो. चौघं माझ्याकडं बघत. डोळे टक्क उघडे. सुनेचे बी. एवढे डोळे एकदम अंगावर आले आन मला काय सुचंना. म्हैस आठवंना, दवाखाना आठवंना. हितलं घड्याळ टिकटिक करत होतं, ते पुन्यापत्तूर गेलं असंल. अद्वैत म्हनला, आजी हँग झाली.
शेवटी म्हनलं, जेवलात का? सगळे म्हनले, हो. घंटा वाजली. बाय आजी.
तिळगूळ घ्या म्हनायचं बी राहिलं.

१५ जानेवारी
फोन लागल्या लागल्या अद्वैतचं नाक पुसा म्हनलं, आन लाल परत आलं. बरं झालं बाई. काल टाळ्याला चिकटलेली जीभ आज सुटली. तिळगुळाचं सांगितलं, बसव्वाच्या पिठाचं सांगितलं, तक्क्या बाराबंदी घालून कसा मानकरी दिसतो ते सांगितलं, फ्रिजचं बी सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकलं. घंटा वाजायच्या आत म्हनलं, उन्हाळ्याच्या सुट्टीला येताय न्हवं?
कुनी न्हाय म्हनलं न्हाय.